प्रकल्प नोंदी: इंग्रजी सर्वनामं आणि डिटर्मिनर यांची पुस्तिका

१८ जून २०२५

शाळा नुकतीच सुरू झाली. पहिल्या सत्रातलं काम मुख्याध्यापकांशी बोलून पक्कं केलं. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी सर्वनामं आणि डिटर्मिनर (नामाच्या आधी येणारे 'द', 'दिस', 'माय' यांसारखे छोटे शब्द) एवढ्याच विषयावरची बारीकशी पुस्तिका, वर्गात लावायला एक तक्ता आणि गटात खेळायला शब्दपट्ट्या.

आमची शाळा मराठी माध्यमाची. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आठवीत येणाऱ्या मुलाने सात वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. त्याला प्रोनाउनची व्याख्या विचारा, धडाधड सांगेल. प्रकारही सांगेल: पर्सनल, पझेसिव्ह, रिफ्लेक्झिव्ह, रेसिप्रोकल, डेमॉन्स्ट्रेटिव्ह, इंटरॉगेटिव्ह, रिलेटिव्ह, इनडेफिनिट. पण तोच मुलगा निबंधात 'माय वन फ्रेंड' लिहितो, आणि ते का चालत नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. वहीत लाल रेघ असते, कारण नसतं.

पुस्तिकेने कारण द्यायचं, हे पहिलं सूत्र.

२१ जून

गेल्या वर्षीच्या निबंधाच्या वह्या काढून बसलो. फक्त सर्वनामं आणि नामाच्या आधी येणारे छोटे शब्द यांच्या चुका वेगळ्या उतरवल्या. या चुका विखुरलेल्या नाहीत. चारदोन साच्यांतूनच त्या पुन्हापुन्हा येतात, आणि प्रत्येक साच्याखाली एक शुद्ध मराठी वाक्य आहे:

'माझं हे पुस्तक' यावरून 'माय दिस बुक'.
'माझा एक मित्र' यावरून 'माय वन फ्रेंड'.
'माझे काही मित्र' यावरून 'माय सम फ्रेंड्स'.
'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ' यावरून 'विच बॉय केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर'.
'मला लाल दे' यावरून 'गिव्ह मी रेड'.
'मुख्याध्यापक आले. ते म्हणाले' यावरून 'हेडमास्टर केम. दे सेड'.

मुलांचं मराठी पक्कं आहे म्हणून या चुका होतात. तेव्हा पुस्तिकेची मांडणी पाठ्यपुस्तकातल्या प्रकारांच्या क्रमाने करायची नाही, या साच्यांच्या क्रमाने करायची. प्रकार त्या ओघात येतील.

एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. हिंदीत 'उसका' म्हटलं की मालक पुरुष की स्त्री हे कळत नाही, त्यामुळे हिंदी बोलणाऱ्या मुलांना 'हिज' आणि 'हर' जड जातं. मराठीत 'त्याचा' आणि 'तिचा' हा भेद आधीच आहे. आमची मुलं तिथे फारशी अडखळत नाहीत. ती अडखळतात निर्जीव वस्तूंपाशी: नदीला 'शी', रस्त्याला 'ही'. तिथे 'इट' आणि 'इट्स' हवं.

२४ जून

आज व्याख्येचं पान. 'नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम' हे वाक्य मराठीच्या आणि इंग्रजीच्या दोन्ही तासांना घोकलेलं असतं. नववीच्या वर्गात ते तपासून पाहिलं. फळ्यावर लिहिलं: 'द ओल्ड वेल बिहाइंड द टेम्पल इज ड्राय.'

"यात नाम कोणतं?"

"वेल, सर."

"मग 'वेल'च्या जागी 'इट' लिहा."

'द ओल्ड इट बिहाइंड द टेम्पल इज ड्राय.' लिहिणाऱ्या मुलीने खडू खाली ठेवायच्या आतच मान हलवली. मग तिने स्वतःच हाताने पुसत नेलं: 'बिहाइंड द टेम्पल' गेलं, 'ओल्ड' गेलं, 'द' गेलं. उरलं 'इट इज ड्राय'.

म्हणजे 'इट'ने एकटं नाम खाल्लं नाही, 'द'पासून 'टेम्पल'पर्यंतचा अख्खा गट खाल्ला. मराठीतही तसंच: 'देवळामागची जुनी विहीर आटली', 'ती आटली'. व्याख्या म्हणून पुस्तिकेत असं वाक्य घालतो: सर्वनाम नामगटाऐवजी येतं. मुलांना 'नामगट' हा शब्द एकदा समजला की पुढची निम्मी पुस्तिका सोपी होते, म्हणून त्याच्यावर दोन पानं खर्च करायला हरकत नाही.

खऱ्या अर्थाने एकट्या नामाऐवजी येणारा शब्द इंग्रजीत आहे, तो 'वन': 'द ओल्ड वन बिहाइंड द टेम्पल'. इथे 'द' आणि 'ओल्ड' जागेवर राहतात, फक्त 'वेल' जातं. मराठीत त्याची गरज पडत नाही, आपण नुसतं 'जुनी आटली' म्हणतो, 'लाल दे' म्हणतो. इंग्रजीत विशेषण असं एकटं सोडता येत नाही, त्याच्यामागे 'वन' लागतो. 'गिव्ह मी रेड'चा उलगडा इथेच होतो, त्यासाठी वेगळा धडा नको.

२८ जून

पुस्तिकेचा कणा आज तयार झाला.

इंग्रजी नामगटात नामाच्या आणि विशेषणांच्या आधी तीन जागा असतात. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या १९८५ च्या मोठ्या व्याकरणात ही मांडणी आहे. मी त्यांना आधीची जागा, मधली जागा आणि नंतरची जागा म्हणतो.

मधल्या जागेत 'अ', 'अ‍ॅन', 'द'. 'दिस', 'दॅट', 'दीज', 'दोज'. 'माय', 'युअर', 'हिज', 'हर', 'इट्स', 'अवर', 'देअर'. 'सम', 'एनी', 'नो'. 'ईच', 'एव्हरी', 'आयदर', 'नायदर'. 'विच', 'व्हॉट', 'हूज'. 'रामाचा' या अर्थाचं 'रामाज'सुद्धा इथेच. मधल्या जागेचा नियम कडक आहे: तिथे एका वेळी एकच शब्द बसतो. 'माय' बसला की 'दिस'ला जागा नाही, 'सम'ला नाही, 'अ'ला नाही. मराठीत अशी एकच जागा नसते, त्यामुळे 'माझं हे', 'माझे काही', 'माझा एक' सगळं चालतं. वरच्या यादीतले पहिले तीन साचे एका नियमात उलगडले.

मग अर्थ तर तोच सांगायचा आहे, इंग्रजी काय करतं? एकाला मधल्या जागेत ठेवतं आणि दुसऱ्याला 'ऑफ' लावून मागे पाठवतं. 'दिस बुक ऑफ माइन', 'अ फ्रेंड ऑफ माइन', 'सम फ्रेंड्स ऑफ माइन'. किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड्स', 'सम ऑफ माय फ्रेंड्स'. मुलांना 'ऑफ माइन' विचित्र वाटायचं, कारण ते कधीतरी वाक्प्रचार म्हणून पाठ करून घेतलेलं असतं. जागा भरलेली आहे म्हणून ते मागे गेलं, हे कळल्यावर दहावीच्या एका मुलाने आपणहून 'दॅट सायकल ऑफ युअर्स' केलं.

आधीच्या जागेत थोडेच शब्द: 'ऑल', 'बोथ', 'हाफ', 'डबल', 'ट्वाइस', 'सच', आणि उद्गारातला 'व्हॉट'. म्हणून 'ऑल माय बुक्स', 'बोथ द बॉइज', 'हाफ अ‍ॅन अवर', 'सच अ मेस', 'व्हॉट अ कॅच'. 'ऑल द'मध्ये 'ऑफ' ऐच्छिक का आणि 'सम ऑफ द'मध्ये सक्तीचा का, याचंही उत्तर मिळतं. 'ऑल'ची जागा 'द'च्या आधीची आहे, दोघांत भांडण नाही. 'सम' आणि 'द' एकाच जागेचे दावेदार, त्यामुळे मध्ये 'ऑफ' घालावाच लागतो.

नंतरच्या जागेत संख्या आणि प्रमाण: 'टू', 'फर्स्ट', 'लास्ट', 'मेनी', 'फ्यू', 'सेव्हरल', 'अदर'. इथे एकाहून अधिक शब्द चालतात, आणि क्रम बदलला की अर्थ बदलतो. 'द फर्स्ट टू प्राइझेस' म्हणजे पहिलं आणि दुसरं बक्षीस. 'टू फर्स्ट प्राइझेस' म्हणजे दोन्ही पहिलीच. क्रीडास्पर्धेत दोन पहिली बक्षिसं मिळवलेली मुलगी वर्गात आहे, तिचंच उदाहरण घेतलं.

३० जून

परवाच्या नियमाला एक अपवाद नोंदवून ठेवतो, कारण कोणीतरी विचारणारच: 'हिज एव्हरी वर्ड'. इथे 'हिज' आणि 'एव्हरी' शेजारी बसतात. 'एव्हरी'ला संबंध दाखवणाऱ्या शब्दापुरती ही सवलत आहे, 'द एव्हरी' किंवा 'दिस एव्हरी' कधीच नाही. पुस्तिकेत तळटीप पुरे.

दुसरी गोष्ट तळटिपेत दडपण्यासारखी नाही. हा एकाच शब्दाचा नियम इंग्रजीत कायम इतका कडक नव्हता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप म्हणतो, 'फॉर दिस माय सन वॉज डेड.' अगदी आपल्या 'हा माझा मुलगा'सारखं. इटालियनमध्ये तर आजही 'माझं पुस्तक' म्हणताना 'इल मिओ लिब्रो', म्हणजे 'द माय बुक' असंच म्हणतात. 'माय दिस बुक' लिहिणारं मूल वेडगळ काही लिहीत नाही. जगातल्या पुष्कळ भाषा जे करतात तेच करतं, फक्त आजची इंग्रजी तसं करत नाही. हे मुलांना सांगायलाच हवं, नाहीतर आपली भाषाच चुकीची, असं त्यांच्या मनात बसतं.

३ जुलै

मराठीच्या बाई आज कच्चा मसुदा वाचून गेल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टोकदार विचारला.

"सर, 'हा मुलगा' यातल्या 'हा'ला आम्ही सार्वनामिक विशेषण म्हणतो. तुम्ही त्याला विशेषण का म्हणत नाही? तुमच्या जुन्या व्याकरणात तर डेमॉन्स्ट्रेटिव्ह अ‍ॅडजेक्टिव्हच होतं."

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरलेल्या इंग्रजी व्याकरणांत 'दिस बुक'मधला 'दिस' विशेषणच आहे, आणि आजही स्पर्धा परीक्षांच्या कित्येक पुस्तकांत तो तसाच असतो. डिटर्मिनर हे नाव रुळलं विसाव्या शतकात. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्डच्या १९३३ च्या पुस्तकात ते आहे, पुढे शालेय व्याकरणात शिरलं.

बाईंना फळ्यावर करून दाखवलं. विशेषणं एकापुढे एक कितीही लावा: 'बिग ओल्ड ब्लॅक डॉग'. डिटर्मिनर तसे लागत नाहीत. विशेषण काढून टाकलं तर वाक्य टिकतं: 'आय सॉ अ ब्लॅक डॉग', 'आय सॉ अ डॉग'. डिटर्मिनर काढला तर मोजता येणारं एकवचनी नाम उघडं पडतं: 'आय सॉ डॉग' इंग्रजीत अपुरं आहे. विशेषणाला 'व्हेरी' लागतो, 'व्हेरी दिस' होत नाही. वागणूक इतकी वेगळी असताना एकाच खुंटीला दोघांना बांधून मुलांचा गोंधळच वाढतो.

मराठीत मात्र 'हा', 'माझा', 'कोणता' हे विशेषणासारखे लिंगवचनाप्रमाणे बदलतात, त्यामुळे तिथे 'सार्वनामिक विशेषण' हे नाव शोभतं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. तेव्हापासून या प्रश्नाचा काथ्याकूट मराठीत चालूच आहे. बाईंशी बोलून ठरलं: पुस्तिकेत डिटर्मिनरचं पान सार्वनामिक विशेषणापासून सुरू करायचं. मुलांना ते सातवी-आठवीतच माहीत असतं. 'हा आला' यात सर्वनाम, 'हा मुलगा आला' यात सार्वनामिक विशेषण. तीच खूण इंग्रजीत: पुढे नाम आलं तर डिटर्मिनर, एकटा उभा राहिला तर सर्वनाम. 'दिस इज मिल्क', 'दिस मिल्क इज सावर'.

शब्द तोच, जागा बदलली की प्रकार बदलला. पुस्तिकेला जे सांगायचं आहे ते हेच आहे.

८ जुलै

'सम', 'एनी', 'ईच', 'बोथ', 'ऑल', 'मेनी', 'दिस', 'विच' हे दोन्ही कामं करतात. काही शब्द मात्र एकच काम करतात आणि दुसऱ्या कामासाठी त्यांचा जोडीदार येतो: 'माय' आणि 'माइन', 'नो' आणि 'नन', 'अ' आणि 'वन', 'एव्हरी' आणि 'एव्हरी वन'. या जोड्या पाठ करायला लावण्यापेक्षा त्यांचं कूळ सांगितलं तर लक्षात राहतील, म्हणून आजचा दिवस त्यातच घालवला.

जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा 'आन' असा शब्द होता. त्याच्यापासूनच 'वन' आणि 'अ‍ॅन' दोन्ही निघाले. पुढे व्यंजनाच्या आधी 'अ‍ॅन'मधला 'न' गळला आणि 'अ' उरला. नेमकं तेच 'माइन'चं झालं: व्यंजनाआधी 'माय', स्वराआधी 'माइन'. १६११ च्या बायबलात स्तोत्र १२१ मध्ये 'माइन आइज' आहे, कारण 'आइज' स्वराने सुरू होतो. 'नन' आणि 'नो' यांचीही गोष्ट हीच. 'नन' म्हणजे मुळात नकार अधिक 'आन', एकही नाही.

पुढे वाटा फुटल्या. 'अ' आणि 'अ‍ॅन' यांनी उच्चाराचा नियम धरून ठेवला, म्हणून आजही 'अ‍ॅन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', 'अ‍ॅन एमएलए' पण 'अ मिनिस्टर'. लिहिलेलं अक्षर बघायचं नाही, कानाने ऐकायचं. 'माय' आणि 'माइन' यांनी उच्चाराचा नियम सोडून कामाची वाटणी करून घेतली: पुढे नाम असेल तर 'माय', नसेल तर 'माइन'. 'नो' आणि 'नन' यांचंही तसंच.

मला हे पान फार प्रिय आहे. आठवीच्या मुलांना जड जाईल असं बाईंचं म्हणणं होतं, पण सांगितल्यावर एकाने विचारलं, "मग सर, 'युअर' आणि 'युअर्स'मध्ये 'स' कुठून आला?" 'हिज'च्या नमुन्यावर उत्तरेकडच्या बोलींत तो लागला आणि पसरला, एवढं सांगितलं. पान ठेवतो.

१५ जुलै

पर्सनल प्रोनाउन. साचा सहावा, 'हेडमास्टर केम. दे सेड.'

मराठीत एका माणसाला आदराने अनेकवचन लागतं: सर आले, बाई आल्या, ते म्हणाले. इंग्रजीने आदराचा हिशेब दुसरीकडे चुकता केला. पूर्वी एकाला 'दाउ' आणि अनेकांना 'यी', 'यू' होतं. मग मोठ्यांना आदराने 'यू' म्हणू लागले, सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून 'दाउ' ओसरत गेला आणि उरला तो सगळ्यांसाठी 'यू'. म्हणजे इंग्रजीने 'तू' टाकलं आणि सगळ्यांनाच 'तुम्ही' केलं. एका माणसालाही 'यू आर', 'यू वेअर' का, हे यातून आपोआप कळतं. ते क्रियापद मुळात अनेकवचनीच आहे, आपल्या 'तुम्ही आलात'सारखं. तिसऱ्या व्यक्तीला मात्र हा आदर नाही: मुख्याध्यापक असोत की राष्ट्रपती, 'ही' किंवा 'शी'.

'दे', 'देम', 'देअर' हे शब्द इंग्रजीचे घरचे नव्हेत. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या नॉर्स बोलणाऱ्यांकडून ते आले. सर्वनामासारखा रोजचा शब्द भाषा सहसा उसना घेत नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवलं.

'वुई'पाशी उलट अडचण. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे, इंग्रजीत दोन्हींना 'वुई'. 'वुई आर गोइंग टू द फेअर' ऐकणारा जाणार की नाही, हे संदर्भावरून ठरतं. 'लेट्स गो' मात्र नेहमी 'आपण जाऊ या'. 'लेट अस गो' हे 'आम्हाला जाऊ द्या' असंही असू शकतं.

१९ जुलै

'हर' आणि 'हिज'. थोडक्यात: 'आय सॉ हर' यात सर्वनाम, 'हर बॅग' यात डिटर्मिनर. शंका आली तर पुरुष घालून बघा. 'हिम' आला तर सर्वनाम, 'हिज' आला तर डिटर्मिनर. 'हिज'ची शंका उलट बाजूने सुटते: 'दॅट बॅग इज हिज'मध्ये बाई घाला, 'हर्स' येतं, म्हणून सर्वनाम. अर्धं पान.

'इट्स'ला अ‍ॅपॉस्ट्रॉफी लावू नका, हेही इथेच. 'हिज', 'हर्स', 'अवर्स' यांना लागत नाही तसा यालाही नाही. हा शब्द वयाने लहान आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे दिसू लागतो. त्याआधी झाडाच्या पानांनाही 'हिज' म्हणत. आमची मुलं झाडाला 'हिज' लिहितात तेव्हा ती अजाणता जुनी इंग्रजी लिहीत असतात.

२६ जुलै

पावसाने शाळा लवकर सुटली. 'इट'चं पान पूर्ण केलं, विषय साजेसाच निघाला: 'इट इज रेनिंग'.

मराठीत क्रियापद कर्ता सांगून टाकतं. 'आलो', 'गेली', 'येशील का' यात सर्वनाम नसलं तरी अडत नाही. पावसाला तर आपण खराखुरा कर्ता देतो: पाऊस पडतोय. इंग्रजी क्रियापदाच्या अंगावर कर्त्याची खूण जवळपास उरलेलीच नाही, म्हणून कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. सांगण्यासारखं काही नसलं तरी 'इट' तिथे ठेवायचा. 'इट इज लेट', 'इट इज फाइव्ह किलोमीटर्स टू द स्टँड'. 'देअर इज अ स्नेक इन द वेल'मधला 'देअर' हाही त्याच कामाचा, त्याचा 'तिथे' असा अर्थ लावायचा नाही. पुरावा हवा तर 'देअर इज अ स्नेक देअर': पहिला जागा धरून आहे, दुसरा ठिकाण सांगतो.

२ ऑगस्ट

'दॅट'. याला एक पान अपुरं आहे. दर्शक सर्वनाम, डिटर्मिनर, संबंधी शब्द आणि उभयान्वयी, चारही कामं एकटा करतो. वर्गात हे वाक्य मोठ्याने वाचून घेतलं: 'आय नो दॅट दॅट बॉय इज राइट.' नीट वाचणारा पहिला 'दॅट' घाईने, जवळजवळ 'दट' असा उरकतो आणि दुसऱ्यावर थांबतो. थांबतो तो डिटर्मिनर. दोनतीनदा वाचल्यावर मागच्या बाकावरूनसुद्धा बरोबर उत्तर आलं. डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द जिभेवर वेगळे असतात, तेव्हा पुस्तिकेत 'मोठ्याने वाचा' अशी खूण जागोजाग घालतो.

जो-तोचा साचा इथेच घेतला. मराठीत 'जो' एका वाक्यात, त्याला उत्तर देणारा 'तो' दुसऱ्या वाक्यात. इंग्रजीत 'तो'ला जागाच नाही. नाम आधी, 'हू' लगेच मागे, आणि शेवटी 'ही' गाळायचा: 'द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर.' मुलांनी मराठी वाक्य आधी 'काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे' असं करून घेतलं, मग इंग्रजी सरळ उतरलं. ही पायरी पुस्तिकेत आणतो.

९ ऑगस्ट

'द'. इंग्रजीतला सर्वाधिक वापरला जाणारा शब्द, आणि मराठीत त्याला समोरासमोर शब्द नाही. म्हणून नियमांची लांब यादी देतात: नद्या, पर्वत, वर्तमानपत्रं. ती यादी मी शेवटच्या पानावर टाकली. आधी एकच कसोटी: ऐकणाऱ्याला 'कोणता?' असा प्रश्न पडेल का? पडणार असेल तर 'अ', पडणार नसेल तर 'द'.

गोष्टीतून ती सर्वांत लवकर कळते. 'एका गावात एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या.' पहिला 'एक' म्हणजे 'अ', दुसऱ्या वाक्यातला 'त्या' म्हणजे 'द'. 'एक' आणि 'तो' ही अर्धी वाट आपणही चालतोच. उरलेली अर्धी, जिथे मराठी काहीच लावत नाही, तिथे सरावाला पर्याय नाही: 'दार लाव' म्हणजे 'शट द डोअर'. कोणतं दार हे दोघांनाही ठाऊक आहे.

१३ ऑगस्ट

'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिट्ल' आणि 'अ लिट्ल'. 'फारसे नाहीत' आणि 'थोडेसे आहेत'. उदाहरणं चार, जास्त लांबण नाही.

१९ ऑगस्ट

शब्दपट्ट्या तयार. जाड कार्डशीट, तीन रंग: आधीची जागा पिवळी, मधली निळी, नंतरची हिरवी, विशेषणं आणि नामं पांढरी. नववीला गटात दिल्या. नियम सांगितला नाही, एवढंच म्हटलं की वाचता येईल असा सर्वांत लांब नामगट बनवा.

एका गटाने 'ऑल', 'माय', 'टू', 'अदर', 'ब्रदर्स' मांडलं. मग 'टू' आणि 'अदर' कुठे, यावर वाद. दोन्ही क्रम चालतात, हे त्यांना पटेना. तेव्हा सांगितलं: 'माय अदर टू ब्रदर्स' म्हटलं की उरलेले भाऊ दोनच. 'माय टू अदर ब्रदर्स' म्हटलं की आणखी दोन भाऊ, संख्या आधी सांगितली. तोवर शेजारच्या गटातली मुलगी निळ्या पट्ट्या दोन लावायचा प्रयत्न करून थांबली होती. "सर, निळी एकच लागते का?" जे सूत्र मी तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिणार होतो, ते तिने रंगात सांगितलं. तक्त्यावर आता तेच जाईल: निळी एकच.

२३ ऑगस्ट

बाईंनी 'एव्हरीवन हॅज ब्रॉट हिज बुक' या उदाहरणावर बोट ठेवलं. वर्गात निम्म्या मुली असताना 'हिज' कसं?

जुन्या पुस्तकांचा नियम तसाच होता, कायद्याचाही. ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये ठरवलं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या, आणि आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ मध्येही तेच आहे. पण बोलणारी माणसं चौदाव्या शतकापासून अशा जागी 'दे', 'देअर' वापरत आली आहेत. २०१९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीने एकवचनी 'दे' अधिकृतपणे स्वीकारला. क्रियापद 'दे आर' हेच राहतं, एका माणसालाही 'यू आर' म्हणतात तसं.

उदाहरण बदललं: 'एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर बुक.' परीक्षेत जुना पेपर तपासनीस भेटला तर 'हिज ऑर हर' लिहावं, ही सूचना खाली दिली. मुलांचे गुण जायला नकोत.

१० सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर छापखान्यातून प्रूफ आलं. रंगीत छपाई परवडत नाही, म्हणून तीन जागा रंगाऐवजी चौकटींनी दाखवल्या: तुटक, जाड आणि बारीक. जाड चौकट एकच. तक्ता मात्र रंगीतच, लॅमिनेशन करून.

एक वाढवलं. 'वुई स्टुडंट्स', 'यू बॉइज'. 'आम्ही मुलं' म्हणतो तसंच हे, आणि इथे 'वुई' चक्क मधल्या जागेत बसला आहे: 'द वुई स्टुडंट्स' होत नाही. भाषाशास्त्रज्ञ पॉल पोस्टल यांनी १९६६ मध्ये नेमकं याच्यावर बोट ठेवून म्हटलं होतं की सर्वनाम हा मुळात आर्टिकलच्या, म्हणजे 'अ' आणि 'द'च्याच जातीचा शब्द आहे. २००२ च्या केंब्रिजच्या व्याकरणाने उलट बाजू घेऊन सर्वनामांना नामांच्याच वर्गात बसवलं. तज्ज्ञांचा वाद मिटलेला नाही, पण दहावीच्या मुलांना तो दाखवायला मी घाबरत नाही. दोन ओळींत दाखवला आहे.

आठवीच्या दोन्ही तुकड्यांत दिवाळीच्या सुट्टीआधी वाटप. नववी आणि दहावीच्या प्रती त्यानंतर, कारण त्यांत संबंधी सर्वनामांचं पान वाढवायचं आहे. 'हूम' आणि 'हूज' तिथे घेईन.